दगडातले पोवळे ओळखायचे कसे?



कामगार-संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, भविष्यनिर्वाह निधी नाहीतर नवे कामगार कायदे यांवर बोलणार, असा आपला समज असणे स्वाभाविक आहे. चालकांनी मला विषय विचारला आणि मी 'प्रवाळांचे जीवाश्म' असे सांगितले, तेव्हा त्यांनीही तो पुन्हा एकदा उच्चारून घेतला. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा दहावीच्या आतच सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, शेजारी शब्दकोश ठेवून. शिवाय हा विषय मी होऊन निवडलेला नाही. तो माझ्याकडे एका पगारकपातीच्या भांडणातून चालत आला.

वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. दगड कापण्याच्या आणि घोटण्याच्या एका कारखान्यात आमची संघटना होती. तेथे परदेशातून काळा चुनखडक येत असे. व्यापारात सरसकट सगळ्याच चकचकीत दगडाला 'मार्बल' म्हणतात, तसा यालाही म्हणत. एकदा त्याच्या काही लाद्या घोटून झाल्यावर त्यांवर रुपयाएवढे पांढरट गोल दिसू लागले, आणि प्रत्येक गोलात सायकलच्या चाकासारखे आरे. मालकाच्या माणसाने ठरवून टाकले की, हे पॉलिशवाल्यांच्या निष्काळजीपणाने पडलेले डाग आहेत. चार कामगारांच्या पगारातून नुकसान कापून घेतले. मी भांडायला गेलो खरा, पण माझ्या हातात मुद्दा नव्हता. तो मला त्या चौघांतल्या सगळ्यांत वयस्कर पॉलिशवाल्याने दिला. तो म्हणाला, "भाऊ, डाग वरचा असता तर घासल्यावर गेला असता. हा घासला की जात नाही, नुसता आकार बदलतो." मग त्याने कापताना उरलेले दोन तुकडे शोधून आणले. एकात तो गोल होता. दुसरा तुकडा उभा कापलेला होता, आणि त्यात गोलाच्या जागी बैलाच्या शिंगासारखी निमुळती आकृती होती, आत शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा. "आडवं कापलं तर चाक, उभं कापलं तर शिंग. दगडाच्या पोटातलंच आहे हे," काका म्हणाले.

ते तुकडे घेऊन मी एका महाविद्यालयात भूशास्त्राच्या शिक्षकांकडे गेलो. त्यांनी भिंगातून मिनिटभर पाहिले, हे प्रवाळ आहे, समुद्रतळावरच्या चिखलात गाडलेले, असे सांगितले आणि तसे चार ओळींचे पत्रही दिले. कापलेला पगार परत मिळाला. भांडण तेथे संपले, पण तुकडा माझ्या कचेरीतल्या टेबलावर राहिला. आडवा काप आणि उभा काप शेजारी शेजारी ठेवून पाहणे, हीच या शास्त्राची पहिली पायरी आहे, हे मला पुढे वाचताना कळले. काकांनी ती कोणी न शिकवता गाठली होती.

प्रवाळ म्हटले की आपल्याला सोनाराकडचे तांबडे पोवळे आठवते. ते पोवळे आणि माझ्या दगडातले प्रवाळ ही लांबची भावंडे आहेत. पोवळ्याचा सांगाडा भरीव असतो, त्यात पेला नाही की आरे नाहीत. पण दोन्ही प्राण्यांनी बांधलेली, एवढे साम्य खरे. आणि तेसुद्धा माणसाला सहजासहजी पटले नाही. शतकानुशतके पोवळे ही समुद्रातली वनस्पती समजली जाई. १७०६ मध्ये मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यावर पांढरी फुले उमललेली दिसली. झाले, फुले आली म्हणजे झाडच! पुढे मार्सेच्या पेसोनेल नावाच्या डॉक्टराने हाच प्रयोग अधिक धीराने केला. ती 'फुले' स्पर्श करताच मिटतात, पाण्याबाहेर काढताच आत ओढली जातात, हे त्याने पाहिले आणि ती फुले नसून प्राणी आहेत असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. तेथे रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने १७२७ मध्ये हे मत मांडताना त्याच्या कर्त्याचे नावच सांगितले नाही. इतके वेडगळ मत बिचाऱ्याच्या नावावर नको, हा त्यामागे सद्भाव. पंधरा-एक वर्षांनी रेओम्यूरला आपली चूक कबूल करावी लागली. तक्रार करणाऱ्याच्याच हितासाठी तक्रारीवरचे त्याचे नाव खोडणारे लोक आम्हीही पाहिले आहेत.

हा प्राणी म्हणजे एक मऊ नळकांडे, वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारखी शुंडके. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःच्या बुडाखाली पेला बांधतो आणि त्यात बसतो. पेल्याच्या तळातून उभे पडदे निघतात, ते कडेकडून मध्याकडे जातात. चाकाचे आरे ते हेच. प्राणी वाढतो तसा वर सरकतो आणि खाली मोकळी राहिलेली जागा आडव्या तक्तपोशीने बंद करून टाकतो. उभ्या कापात शिडीच्या पायऱ्या दिसतात त्या या तक्तपोश्या. पुष्कळदा पेल्याच्या कडेला, दोन पडद्यांच्या मधल्या जागेत, साबणाच्या फेसासारख्या बारीक फुगवट्या असतात. कोठे मध्यावर खांब उभा असतो, कोठे नसतो. सर्वांवर बाहेरून एक साल. म्हणजे माझ्या टेबलावरच्या त्या 'शिंगा'त प्राणी सर्वांत वरच्या बोटभर जागेत राहत होता. बाकी सारे शिंग त्याने सोडून दिलेले जुने मजले. काही जाती अशा एकट्या राहतात. काहींत एकाला दुसरा अंकुर फुटून शेकडोंची वसाहत होते, खोलीला खोली लागून, मधली भिंत सामाईक. गिरणगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता वर्णन करायचे म्हणजे काय करायचे? प्रथम बाहेरचे रूप: एकटा की वसाहत, शिंगासारखा की थाळीसारखा, खोल्या गोल की षट्कोनी, एकमेकींना चिकटून की सुट्या, किती मिलिमीटरच्या. हे सर्व टिपायचे आणि त्यावर फारसा विश्वास ठेवायचा नाही. कारण एकाच जातीचे प्राणी लाटांच्या माऱ्यात बसकी वसाहत करतात आणि शांत पाण्यात उंच. चिखल साचू लागला की एकटा प्रवाळ मान वर काढण्यासाठी वाकडातिकडा वाढतो. उलट, अगदी दूरच्या जाती एकाच आकाराच्या होऊन बसतात. खरा निवाडा आत होतो. म्हणून दगड वाढीच्या दिशेला काटकोनात कापतात, मग त्याच दिशेत मधोमध कापतात. पातळ चकती काचपट्टीवर चिकटवून इतकी घासतात की ती मिलिमीटरच्या तिसाव्या हिश्श्याएवढी उरते आणि तिच्यातून उजेड जातो. दुसरी एक स्वस्त युक्ती आहे. घोटलेला पृष्ठभाग पातळ आम्लात क्षणभर धरायचा, धुऊन वाळवायचा, त्यावर ॲसिटोन ओतून प्लास्टिकचा पातळ कागद अंथरायचा, आणि वाळल्यावर तो सोलून काढायचा. दगडाचा सारा नकाशा कागदावर उतरतो. मग आणखी थोडे घासून पुन्हा कागद. असे शिंगाच्या टोकापासून वरपर्यंत करीत गेले, तर एकाच प्राण्याचे बालपण, तारुण्य आणि म्हातारपण क्रमाने हाती येते.

बालपणाला येथे फार महत्त्व आहे. पडदे किती आहेत यापेक्षा ते कोणत्या क्रमाने आले, हे विचारावे लागते. आजच्या समुद्रातले कठीण प्रवाळ, आपल्या मालवणच्या खडकांवर जिवंत आहेत ते सुद्धा, सहाच्या हिशेबाने वाढतात. प्रथम सहा पडदे, मग सहाही रिकाम्या जागांत एकेक, मग बारा जागांत एकेक. आकृती सर्व बाजूंनी सारखी. जुन्या काळातल्या एका मोठ्या गटाचा हिशेब वेगळा. त्यांतही प्रथम सहाच पडदे येतात, परंतु त्यानंतरचे पडदे सहापैकी फक्त चार जागांत भरत जातात. त्यामुळे चाकाला एक पुढची आणि एक मागची बाजू येते, आणि पुष्कळदा एका ठिकाणी आरे आखूड पडून खाच दिसते. यांची साल सुरकुतलेली असते, म्हणून यांना रुगोझा, म्हणजे सुरकुतलेले, असे नाव पडले. तिसरा गट टॅब्युलेटा. हे नेहमी वसाहतीतच राहतात. पडदे नावापुरते, पण तक्तपोश्या ठळक. त्यांतला फॅव्होसायटिस मधाच्या पोळ्यासारखा दिसतो आणि त्याच्या सामाईक भिंतींना बारीक भोके असतात. हॅलिसायटिसच्या खोल्या आडव्या कापात साखळीच्या कड्यांसारख्या एकापुढे एक लागतात. तो एकदा पाहिला की विसरत नाही, आणि तो सापडला की खडक ऑर्डोव्हिशियन किंवा सिल्युरियन काळातला, म्हणजे चाळीस कोटी वर्षांहून जुना, असे निश्चित म्हणता येते.

रुगोझा आणि टॅब्युलेटा हे दोन्ही गट सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी झालेल्या महासंहारात नष्ट झाले. सहाच्या हिशेबाचे प्रवाळ त्यानंतर काही लाख वर्षांनी नव्हे, तर कोटभर वर्षांच्या खंडानंतर दिसू लागतात. म्हणून भारतात कच्छच्या जुरासिक खडकांतले प्रवाळ, ज्यांचे वर्णन ग्रेगरीने १९०० मध्ये प्रसिद्ध केले, किंवा तिरुचिरापल्लीकडच्या क्रिटेशियस खडकांतले, जे स्टोलिचकाने १८७३ मध्ये वर्णिले, हे सर्व या नव्या गटातले आहेत. त्यांच्यात एक अडचण आहे. त्यांचा चुना ॲरॅगोनाइट या नाजूक रूपातला. कोट्यवधी वर्षांत तो विरघळून दुसऱ्या रूपात बसतो आणि आतली बारीक वीण पुसली जाते. रुगोझांचा चुना मुळातच टिकाऊ कॅल्साइटचा, त्यामुळे वयाने थोर असूनही त्यांचे आतले नकाशे अधिक स्वच्छ वाचता येतात.

आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. तो जमिनीवर ओतलेल्या लाव्हारसाचा, त्यात समुद्रातले प्रवाळ कोठून येणार? मी मोठ्या आशेने घराघरांतल्या शहाबादी फरश्या भिंगाने पाहिल्या. बायको म्हणाली, फरशी पुसायची ती बघता काय! फरशी चुनखडीचीच, पण तो चुनखडक प्राण्यांनी सांगाडे बांधायला लागण्याच्या आधीचा आहे. नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बागजवळ मात्र 'प्रवाळी चुनखडक' अशाच अर्थाच्या नावाचा थर प्रसिद्ध आहे. मला वाटले, हा जवळचा. वाचून पाहतो तो त्यातले मुख्य जीवाश्म प्रवाळ नव्हेतच, ते ब्रायोझोआ. हे प्राणीही वसाहती करतात आणि फांद्याफांद्यांनी वाढतात, पण त्यांच्या खोल्या बहुधा मिलिमीटरहूनही लहान, आणि आत आरे नाहीत. नाव बाहेरच्या रूपावरून पडले, आणि चिकटले. याच्या उलटही झाले आहे. कॅल्सिओला नावाचा एक रुगोझा सपातेच्या पुढच्या टोकासारखा दिसतो आणि त्याच्या तोंडावर चक्क झाकण असते. झाकण पाहून जुन्या निसर्गशास्त्रज्ञांनी त्याला शिंपल्यांत टाकले, आणि तो फार काळ तेथेच राहिला.

हे सारे नावे ठेवण्याचे काम कोणाच्या उपयोगाचे, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला विल्यम लॉन्सडेल या माणसाच्या चरित्रात मिळाले. याचा जन्म १७९४ चा, इंग्लंडमधल्या बाथ गावचा. तरुणपणी सैन्यात गेला, सालामांका आणि वॉटर्लू या दोन्ही लढायांत होता. नेपोलियनचे युद्ध संपल्यावर सैन्यातून निवृत्त झाला आणि गावाभोवतीचे जीवाश्म गोळा करू लागला. विद्यापीठाचे शिक्षण नाही. १८२९ मध्ये लंडनच्या भूशास्त्र मंडळात त्याला संग्रहपालाची नोकरी मिळाली. पेट्या लावायच्या, नावे लिहायची, थोरामोठ्यांचे निबंध छपाईसाठी नीट करायचे, असे ते काम.

१८३४ पासून त्या मंडळात एक मोठा तंटा माजला होता. डेव्हन परगण्यातले काळसर, चुरगळलेले खडक किती जुने? द ला बेश म्हणत होता की, ते अतिप्राचीन आहेत, आणि त्यांतच कोळशाच्या काळातल्या वनस्पतींचे अवशेष सापडतात. मर्चिसन आणि सेजविक म्हणत होते की, हे शक्य नाही. खडकांचे रूप पाहिले तर ते अतिप्राचीनच वाटत. पुढे कोळशाच्या वनस्पतींचे थर वेगळे आणि नवे आहेत एवढे ठरले, पण दक्षिण डेव्हनच्या चुनखडकांचे कोडे राहिले. त्या चुनखडकांतले प्रवाळ लॉन्सडेलच्या हाताखालून गेले. त्याच काळात मर्चिसनच्या मोठ्या ग्रंथासाठी सिल्युरियन प्रवाळांची वर्णने तोच करीत होता, त्यामुळे जुने प्रवाळ त्याला तोंडपाठ होते. त्याला दिसले ते असे: डेव्हनमधले काही प्रवाळ सिल्युरियनांसारखे, काही वरच्या कोळशाच्या काळातल्या चुनखडकासारखे, आणि काही या दोहोंतही नसलेले. १८३७ मध्ये त्याने निष्कर्ष काढला की, हा चुनखडक दोहोंच्या मधल्या काळातला आहे. आता मधल्या काळात इतरत्र तर तांबडा वालुकाश्म होता, ज्यात माशांचे अवशेष आणि प्रवाळांचा मागमूस नाही. दोन्ही खडकांत दिसायला काडीचे साम्य नाही. तरी काळ एकच. एकीकडे समुद्र, दुसरीकडे जमीन आणि गोडे पाणी. ही कल्पना पचायला वेळ लागला. अखेर एप्रिल १८३९ मध्ये सेजविक आणि मर्चिसन यांनी पृथ्वीच्या इतिहासात एक नवा कालखंड जाहीर केला, डेव्होनियन. आजच्या गणनेने तो सुमारे ४१ कोटी ९० लाख ते ३५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा.

नाव दिले ते सेजविक-मर्चिसन यांनी. लॉन्सडेलने प्रकृती ढासळल्यामुळे १८४२ मध्ये नोकरी सोडली. त्याला अगदीच विसरले असे म्हणता येणार नाही. १८४६ मध्ये मंडळाचे सर्वोच्च पदक त्याला मिळाले, आणि १८४९ मध्ये मॅकॉयने एका रुगोझा प्रवाळाच्या प्रजातीला लॉन्सडेलिया असे नाव दिले. या प्रजातीची खूण अशी की, पडदे बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. कडेला मोठमोठ्या फुगवट्यांचा पट्टा असतो आणि पडदे त्याच्या आतून सुरू होतात. अशा फुगवट्या दुसऱ्या कोणत्या प्रवाळात दिसल्या तरी वर्णनात त्यांना लॉन्सडेलचेच नाव लावतात. नंतरच्या पिढ्यांत हे काम पुष्कळ नेटके झाले. ब्रिस्बेनच्या डोरोथी हिल या विदुषीने १९३५ मध्ये रुगोझांच्या वर्णनाचे शब्दच ठरवून दिले, म्हणजे एकाचा 'पडदा' तो दुसऱ्याचा 'खांब' होऊ नये. करारनाम्यात शब्दांच्या व्याख्या आधी का लिहाव्या लागतात हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या कामाचे मोल कळेल.

प्रवाळाच्या सालीवरही एक लेख असतो. साल भिंगाखाली धरली तर तिच्यावर केसासारख्या बारीक आडव्या रेषा दिसतात. जिवंत प्रवाळ दिवसाला चुन्याचा एक थर चढवतो, त्याची ही रेषा. आणि ऋतुमानाप्रमाणे वाढ कमीजास्त होते, त्यामुळे वर्षाच्या जाड वळ्याही उमटतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन वेल्स यांनी एका वर्षाच्या वळीत किती रेषा येतात हे मोजले. वेस्ट इंडिजमधल्या आजच्या एका प्रवाळात सुमारे ३६० आल्या. मध्य डेव्होनियन काळातल्या प्रवाळांत मात्र ३८५ ते ४१०, सरासरी ४०० च्या आसपास. १९६३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला लागणारा काळ बदललेला नाही. म्हणजे दिवसच लहान होता, जेमतेम २२ तासांचा. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावत आहे, हे खगोलशास्त्रज्ञ गणिताने सांगतच होते. आता समुद्रतळाच्या हजेरीपटाने त्याला दुजोरा दिला. रेषा झिजलेल्या असतात, मोजणाऱ्या दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि वेल्स यांनीही अचूक आकड्याचा दावा न करता मर्यादा दिल्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, ही आमची मागणी त्या काळी हिशेबात बसली नसती, एवढे खरे.

आता माझ्या तुकड्याविषयी. आरे आलटून पालटून लांब आणि आखूड आहेत. कडेला फुगवट्या आहेत, पडदे भिंतीपर्यंत पोचलेले आहेत, मध्ये खांब नाही, एका बाजूला खाच आहे. तेव्हा तो एकटा राहणारा रुगोझा, आणि दगड पंचवीस कोटी वर्षांच्या अलीकडचा नाही, येथपर्यंत मी खात्रीने येतो. त्यापुढे जाऊन प्रजाती सांगायची तर टोकाजवळचे काप हवेत, आणि शिंगाचे टोक दुसऱ्या लादीबरोबर कोणाच्या तरी दिवाणखान्यात गेले. सालही नाही, ती करवतीखालच्या चिखलात वाहून गेली, त्यामुळे त्याच्या वर्षातले दिवस मोजण्याची सोय राहिलेली नाही. दोन्ही काप मी आज बरोबर आणले आहेत आणि व्याख्यान संपल्यावर या टेबलावर ठेवणार आहे. भिंग एकच आहे, तेव्हा कृपा करून रांगेने यावे, आणि आडवा तुकडा आधी पाहावा.